साम्यवादी राज्य ही शासनपद्धती म्हणून कशी ओळखावी?

प्रश्न असा आहे की, साम्यवादी राज्य म्हणजे नेमकी कोणती शासनपद्धती? चीनमध्ये अब्जाधीश उद्योगपती आहेत, शेअर बाजार आहेत, तरीही त्याला साम्यवादी राज्य म्हणतात. उलट केरळात साम्यवादी पक्षाचा मुख्यमंत्री झाला तरी केरळाला कोणी तसे म्हणत नाही. मग या दोन्ही गोष्टी एका व्याख्येत बसवायच्या कशा? तौलनिक शासनपद्धती हा विषय शिकवताना ही शंका मी वर्गात वारंवार ऐकली आहे, आणि ती विचारणारा विद्यार्थी बहुधा योग्य ठिकाणीच अडलेला असतो. जिथे खाजगी मालमत्ता नाही ते साम्यवादी राज्य, असे त्याला आधी कोणीतरी सांगितलेले असते. ही व्याख्या अर्थव्यवस्थेची झाली, शासनपद्धतीची नव्हे. ती धरून बसल्यास वरची दोन्ही उदाहरणे सुटत नाहीत.

शासनपद्धती म्हणून पाहिल्यास साम्यवादी राज्याची दोन अंगे आहेत आणि ती दोन्ही एकत्र असावी लागतात. मार्क्सवाद-लेनिनवाद हा आपला पाया मानणाऱ्या एका शिस्तबद्ध पक्षाचे राज्यावरील नेतृत्व कायमचे ठरलेले असते आणि ते निवडणुकीच्या निकालावर अवलंबून नसते, हे पहिले अंग. राज्याची सत्ता कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ अशी विभागलेली नसून ती एकसंध आहे आणि एकाच सर्वोच्च प्रतिनिधीसभेत एकवटलेली आहे असे राज्यघटना मानते, हे दुसरे अंग. केवळ एकपक्षीय राजवट एवढ्याने भागत नाही. नासरच्या इजिप्तमध्येही एकच पक्ष होता. पण अरब समाजवादी संघ हा पक्ष सत्तेवर बसलेल्या राज्यकर्त्याने १९६२ साली आपल्या सोयीसाठी उभारला होता. साम्यवादी राज्यात क्रम सहसा उलटा असतो: पक्ष आधी असतो, तो सत्ता हस्तगत करतो आणि मग आपल्या रचनेच्या प्रतिमेप्रमाणे राज्य घडवतो. रशिया, चीन, व्हिएतनाम येथे हे स्वबळावर घडले, पूर्व युरोपातील बहुतेक देशांत सोव्हिएत सैन्याच्या आधाराने घडले; परंतु रचना तीच राहिली.

यातील कोणत्याही देशाने स्वतःला साम्यवादी म्हणवून घेतलेले नाही, हेही लक्षात ठेवावे. ते स्वतःला समाजवादी किंवा जनतेचे प्रजासत्ताक म्हणतात, कारण त्यांच्या सिद्धांतात साम्यवाद हा पुढे येणारा, राज्यसंस्था गळून पडल्यानंतरचा टप्पा आहे. स्टालिननंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह याच्या काळात १९६१ साली सोव्हिएत पक्षाने जो कार्यक्रम स्वीकारला, त्यात १९८० पर्यंत साम्यवादी समाजाचा पाया मूलतः उभा राहील असे वचन होते. ते वर्ष आले आणि गेले, राज्यसंस्था मात्र गळून पडली नाही. उलट १९७७ च्या घटनेने ती अधिक तपशिलाने लिहून काढली.

आता अर्थव्यवस्थेचा मुद्दा. लेनिनने १९२१ मध्ये नवे आर्थिक धोरण आणून लहान व्यापार आणि शेतमालाची खुली विक्री पुन्हा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत राज्याचे स्वरूप बदलले नाही. पोलंडमधील बहुतांश शेतजमीन साम्यवादी काळातही शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीची राहिली. चीनने १९७८ नंतर आणि व्हिएतनामने १९८६ पासून बाजारव्यवस्था स्वीकारली. चिनी पक्षाने तर २००२ च्या अधिवेशनात खाजगी उद्योजकांसाठी सदस्यत्वाचे दरवाजे अधिकृतपणे उघडले. या प्रत्येक वेळी मालमत्तेविषयीचे धोरण पक्षाने बदलले, आणि उद्या उलट दिशेने बदलायचे ठरवल्यास तेही पक्षच बदलेल. शासनपद्धतीच्या अभ्यासकाने पाहायचे ते हे की निर्णय कोणाच्या हाती आहे आणि त्याला तिथून हलवण्याचा कोणता कायदेशीर मार्ग नागरिकांकडे आहे.

केरळचे उदाहरण याच कसोटीवर उलगडते. ५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती भारतीय राज्यघटनेनुसार. त्यांचे सरकार विधानसभेला जबाबदार होते, त्यांच्या कायद्यांवर न्यायालयाची नजर होती, आणि ३१ जुलै १९५९ रोजी राष्ट्रपती राजवट लावून ते बडतर्फ केले गेले. ती बडतर्फी न्याय्य होती की नाही हा वाद वेगळा. मला स्वतःला ती अन्याय्य वाटते. परंतु सरकार साम्यवाद्यांचे होते आणि राज्यपद्धती संसदीय होती, हे त्यातून स्पष्ट होते. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने १९७७ पासून २०११ पर्यंत सलग राज्य केले आणि निवडणूक हरल्यावर ती पायउतार झाली. नेपाळमध्ये साम्यवादी पक्षांचे पंतप्रधान झाले, सायप्रसमध्ये २००८ ते २०१३ या काळात साम्यवादी पक्षाचा नेता राष्ट्राध्यक्ष होता. जिथे निवडणूक हरता येते, तिथे साम्यवादी पक्षाचे सरकार असू शकते. साम्यवादी राज्य असू शकत नाही.

हा फरक आपल्याकडे फार लवकर आणि फार नेमकेपणाने मांडला गेला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, या घटनेवर टीका करणाऱ्यांत साम्यवादी पक्ष आहे, कारण त्या पक्षाला कामगारवर्गाच्या हुकूमशाहीच्या तत्त्वावर आधारलेली घटना हवी आहे आणि ही घटना संसदीय लोकशाहीवर आधारलेली आहे. वाद मालमत्तेचा किंवा मजुरीचा म्हणून त्यांनी मांडला नाही. राज्याच्या रचनेचा म्हणून मांडला. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने या विषयाची सुरुवात त्या भाषणापासून करावी असे मी नेहमी सांगतो.

सत्तेच्या एकसंधपणाची कल्पना कोठून आली? १८७१ च्या पॅरिस कम्यूनचे, म्हणजे त्या शहरात कष्टकऱ्यांनी उभारलेल्या अल्पजीवी सरकारचे, वर्णन करताना मार्क्सने तिचे वैशिष्ट्य हे सांगितले की ती केवळ चर्चा करणारी संसद नव्हती. कायदे करणे आणि ते अमलात आणणे ही दोन्ही कामे करणारी ती संस्था होती, आणि तिचे प्रतिनिधी कधीही परत बोलावता येत होते. लेनिनने १९१७ च्या उन्हाळ्यात हेच सूत्र उचलले. त्याच्या मते सत्ताविभाजन ही भांडवलदारवर्गाने आपल्या सोयीसाठी केलेली वाटणी होती; कष्टकऱ्यांची सत्ता एक असल्यामुळे ती स्वतःलाच कशाला रोखील? या युक्तिवादात एक ओढ आहे आणि ती मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. ज्यांनी कोर्टकचेऱ्या आणि विधिमंडळे केवळ जमीनदार व कारखानदार यांच्या बाजूने उभी राहिलेली पाहिली होती, त्यांना सत्ताविभाजनाचे कौतुक का वाटावे? पण त्या युक्तिवादात एक पोकळी आहे. सत्ता एकच असेल तर तिच्या नावाने कोण बोलणार, हे ठरवण्याचा मार्ग त्यात दिलेला नाही.

ती पोकळी कशी भरली गेली हे काही महिन्यांतच दिसले. नोव्हेंबर १९१७ मध्ये रशियात संविधान सभेच्या निवडणुका झाल्या. बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या पक्षाला, सुमारे एक चतुर्थांश मते पडली आणि शेतकऱ्यांत पाय रोवलेल्या समाजवादी क्रांतिकारक पक्षाला सर्वाधिक. जानेवारी १९१८ मध्ये सभा भरली, एक दीर्घ बैठक झाली, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिनिधींना सभागृहात येऊ दिले गेले नाही. सोव्हिएत, म्हणजे कामगार, सैनिक व शेतकरी यांच्या प्रतिनिधींच्या परिषदा, ही त्याहून वरची लोकशाही आहे असे कारण देण्यात आले. पुढे १९२१ साली पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात पक्षांतर्गत गटांवरही बंदी आली. म्हणजे आधी पक्षाबाहेरचा विरोध गेला आणि नंतर पक्षातला संघटित विरोध गेला. या दुसऱ्या निर्णयाला मी पहिल्याइतकेच महत्त्व देतो. लोकशाही केंद्रवाद या नावाने ओळखले जाणारे तत्त्व, म्हणजे निर्णय होईपर्यंत चर्चा आणि निर्णय झाल्यावर सर्वांनी बिनतक्रार पालन, त्याआधीही होते. परंतु गटबंदीनंतर त्यातील चर्चेचा भाग वरच्या समित्यांच्या मर्जीवर उरला आणि पालनाचा भाग मात्र सक्तीचा राहिला. चीनच्या १९८२ च्या घटनेच्या तिसऱ्या कलमात हेच तत्त्व राज्यसंस्थांनाही लागू केलेले आहे.

कागदावर पाहिले तर या राज्यांची रचना अत्यंत लोकशाही वाटते. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या घटनेत सर्वोच्च सोव्हिएत ही राज्यसत्तेची सर्वोच्च संस्था होती, मंत्रिमंडळ तिला जबाबदार होते, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश तीच निवडत असे आणि कायद्यांचा अर्थ लावण्याचा अधिकारही न्यायालयाकडे नव्हे तर तिच्या अध्यक्षमंडळाकडे होता. चीनमध्ये आजही नॅशनल पीपल्स काँग्रेस ही सर्वोच्च संस्था आहे आणि घटनेचा अर्थ लावण्याचे काम तिची स्थायी समिती करते. कोणतेही न्यायालय तिचा कायदा घटनाबाह्य ठरवू शकत नाही. संसदेलाही घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही असे ठरवणाऱ्या केशवानंद भारती निकालाच्या छायेत वाढलेल्या भारतीय वाचकाला ही उणीव वाटेल, पण त्या पद्धतीच्या दृष्टीने तो तिचा गाभा आहे. चीनच्या सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे अध्यक्ष चौ छ्यांग यांनी जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयीन स्वातंत्र्य आणि सत्ताविभाजन या पाश्चात्त्य कल्पना चुकीच्या असून न्यायाधीशांनी त्यांचा सामना करावा असे जाहीरपणे सांगितले. सरन्यायाधीशाच्या पदावरील माणूस असे बोलतो तेव्हा तो धाकाने बोलत असेल असे मानण्याची गरज नाही. तो आपल्या घटनेचा तंतोतंत अर्थ सांगत असतो.

पण ही सर्वोच्च सभा बसते किती दिवस? सर्वोच्च सोव्हिएतची अधिवेशने वर्षातून सहसा दोनदा, काही दिवसांपुरती होत आणि ठराव एकमताने मंजूर होत. चीनची सुमारे तीन हजार प्रतिनिधींची सभा मार्चमध्ये एक-दोन आठवडे भरते. एवढ्या वेळात एवढी माणसे कोणत्याही सरकारला जाब विचारू शकत नाहीत. म्हणून सत्ता कोठे आहे हे शोधायचे तर पक्षाकडे वळावे लागते.

स्टालिन एप्रिल १९२२ मध्ये पक्षाचा सरचिटणीस झाला आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस देशाचा निर्विवाद स्वामी झाला. पण मे १९४१ पर्यंत तो सरकारप्रमुख नव्हता. ते पद आधी रिकॉव्हकडे आणि १९३० पासून मोलोटॉव्हकडे होते. सामूहिक शेतीची सक्ती, पंचवार्षिक योजना, १९३७-३८ चा संहार हे सारे तो सरकारप्रमुख नसतानाच्या काळात घडले. दुसरीकडे औपचारिक राष्ट्रप्रमुख होता मिखाईल कालिनिन. परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रे त्याला सादर करत, कायद्यांखाली त्याची सही असे. १९३८ साली त्याची पत्नी येकातेरिना हिला अटक झाली आणि तिला श्रमछावणीत पाठवण्यात आले. कालिनिन राष्ट्रप्रमुखाच्या खुर्चीवर बसून राहिला, सह्या करत राहिला, आणि पत्नी १९४५ पर्यंत छावणीत होती. घटनेने ज्याला राज्याचे सर्वोच्च पद दिले होते, त्याला आपल्या घरातील माणूस तुरुंगातून सोडवता आले नाही. घटनेतील पद आणि प्रत्यक्षातील सत्ता यांतील अंतर मला याहून ठळकपणे दाखवता येणार नाही.

पक्ष राज्यावर नियंत्रण कसे ठेवतो? लोक समजतात की आदेश देऊन. आदेश असतातच, पण खरे साधन नेमणुकांचे आहे. सोव्हिएत व्यवस्थेत नोमेनक्लातुरा नावाच्या याद्या असत: कोणत्या पदावर कोणाला बसवायचे यासाठी पक्षाच्या कोणत्या पातळीवरील समितीची मंजुरी लागेल, याची ती नोंद. मंत्री, सेनापती, कारखान्याचा संचालक, विद्यापीठाचा कुलगुरू, वृत्तपत्राचा संपादक, न्यायाधीश हे सारे त्या याद्यांत येत. सोव्हिएत किंवा मंत्रालय औपचारिक नेमणूक करी, पण नाव आधीच ठरलेले असे. चीनमध्ये हे काम पक्षाचा संघटन विभाग करतो. तेथील प्रांतात राज्यपाल असतो आणि पक्षाचा सचिव असतो. दोघांत सचिव वरचा, राज्यपाल सहसा त्याच्या समितीतील उपसचिव. शहरात महापौराच्या वर, विद्यापीठात कुलगुरूच्या बरोबरीने किंवा वर, पक्षसचिव असतोच. ज्याची बढती, बदली आणि बडतर्फी पक्षाच्या हाती आहे, त्या अधिकाऱ्याला रोजचा आदेश देण्याची गरज फारशी उरत नाही.

याचा एक परिणाम असा की, नेत्यांची खरी जबाबदारी राज्यसंस्थेपुढे नसून पक्षाच्या समित्यांपुढे असते. जून १९५७ मध्ये सोव्हिएत पक्षाच्या अध्यक्षमंडळात, म्हणजे केंद्रीय समितीने निवडलेल्या पक्षाच्या सर्वोच्च छोट्या मंडळात, मोलोटॉव्ह, मालेन्कोव्ह आणि कागानोविच यांच्या बाजूने बहुमत झाले आणि त्यांनी ख्रुश्चेव्हला पक्षाच्या प्रथम सचिवपदावरून दूर करण्याचा घाट घातला. ख्रुश्चेव्हने आपल्याला केंद्रीय समितीने निवडले आहे, तीच काढू शकते, असा पवित्रा घेतला. देशभर विखुरलेल्या केंद्रीय समितीच्या सदस्यांना मॉस्कोत आणण्यासाठी संरक्षणमंत्री झुकॉव्हने लष्करी विमाने दिली. समिती भरली, तिने ख्रुश्चेव्हच्या बाजूने कौल दिला आणि त्याचे तिन्ही विरोधक तिच्यातून बाहेर फेकले गेले. सात वर्षांनी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, ख्रुश्चेव्हला काळ्या समुद्राकाठच्या सुट्टीवरून बोलावून घेण्यात आले आणि त्याच केंद्रीय समितीने त्याला दूर केले. तेव्हा तो सरकारप्रमुखही होता, पण ते पद काढून घेण्याचे काम दुसऱ्या दिवशी सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाने एक औपचारिकता म्हणून उरकले. दोन्ही प्रसंगांत सरकार ज्या सभेला जबाबदार होते असे घटना म्हणते, ती सभा कोठेही नव्हती. मात्र नियम अजिबात नव्हते असेही नाही. पक्षाच्या घटनेत केंद्रीय समितीला जे स्थान होते ते त्या दिवसांत निर्णायक ठरले. ही पद्धती मनमानी आहे एवढे म्हणून सोडून देणारे हा भाग हमखास चुकवतात.

सैन्याचेही तसेच. चिनी मुक्तिसेना ही पक्षाची सेना आहे. राज्याचा केंद्रीय लष्करी आयोग घटनेत आहे, पण पक्षाचा त्याच नावाचा आयोग आहे आणि दोन्हींचे सदस्य तेच असतात. १९८९ च्या वसंतात देंग श्यावफिंग राष्ट्राध्यक्ष नव्हते, पंतप्रधान नव्हते, पक्षाचे सरचिटणीसही नव्हते. त्यांच्याकडे उरलेले महत्त्वाचे पद लष्करी आयोगाच्या अध्यक्षाचे होते. तरी अंतिम शब्द त्यांचा होता, आणि त्या जूनमध्ये सरचिटणीस चाओ झियांग यांनाच पदावरून जावे लागले.

निवडणुकांबद्दल बोलताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. साम्यवादी राज्यांत निवडणुका होत नाहीत हे खरे नाही. त्या नियमित होतात. सोव्हिएत मतपत्रिकेवर सहसा एकच नाव असे. मत द्यायचे म्हणजे ती पत्रिका तशीच पेटीत टाकायची; विरोध करायचा असेल तर नाव खोडायचे, आणि त्यासाठी आडोशाच्या खोलीत जावे लागे. त्या खोलीकडे वळणारा माणूस सर्वांना दिसत असे. क्यूबात मार्च २०२३ मध्ये ४७० जागांसाठी ४७० उमेदवार होते आणि सर्व निवडून आले. व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेने २०१३ मध्ये ४७ उच्चपदस्थांवर विश्वासमत घेतले, ज्यात प्रतिनिधींपुढे अधिक विश्वास, विश्वास आणि कमी विश्वास असे तीनच पर्याय होते. अविश्वास हा पर्याय नव्हता. तरी ते मतदान निरर्थक नव्हते. काही मंत्र्यांना मोठ्या प्रमाणावर कमी विश्वास मिळाला आणि तो जाहीर झाला. पक्षाच्या चौकटीत असमाधान मोजण्याचे ते साधन होते, आणि सत्ताबदलाचे साधन ते कधीच असणार नव्हते.

एकच पक्ष असतो हेही अक्षरशः खरे नाही. पूर्व जर्मनीत ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि उदारमतवादी अशी नावे असलेले पक्ष होते, पोलंडमध्ये शेतकऱ्यांचा पक्ष होता, चीनमध्ये आजही साम्यवादी पक्षाशिवाय आठ पक्ष आहेत. पण ते सारे साम्यवादी पक्षाच्या नेतृत्वाचा आधीच स्वीकार करूनच अस्तित्वात असतात. म्हणून पक्षांची संख्या मोजू नये. नेतृत्वाचे कलम वाचावे. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या घटनेत पक्षाचा उल्लेख १२६ व्या कलमात, संघटना स्थापण्याच्या हक्काच्या ओघात, जवळजवळ अंग चोरून आला होता. १९७७ च्या घटनेत तो सहाव्या कलमात आला आणि पक्षाला सोव्हिएत समाजाची नेतृत्व व मार्गदर्शन करणारी शक्ती म्हटले गेले. व्हिएतनामच्या २०१३ च्या घटनेचे चौथे कलम, क्यूबाच्या २०१९ च्या घटनेचे पाचवे कलम याच जातीचे आहे. चीनने २०१८ मध्ये पक्षाचे नेतृत्व हे चिनी वैशिष्ट्यांच्या समाजवादाचे सर्वांत मूलभूत लक्षण आहे असे वाक्य थेट पहिल्या कलमात घातले. त्याच दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकली. बाजूने २,९५८ मते पडली आणि विरोधात २. ती मर्यादा १९८२ मध्ये माओच्या आजन्म सत्तेचा अनुभव घेऊन मुद्दाम घातलेली होती. या पद्धतीत सामूहिक नेतृत्वाचे काळ येतात आणि एका माणसाच्या सत्तेचेही येतात, आणि एकातून दुसऱ्यात जाताना राज्याची कोणतीही संस्था आडवी येऊ शकत नाही. माझ्या मते ही या शासनपद्धतीची सर्वांत गंभीर उणीव आहे.

ती उणीव म्हणजे निव्वळ घटनाशास्त्रातली गोष्ट नव्हे. १९३६ च्या घटनेने भाषणस्वातंत्र्य आणि व्यक्तीच्या अनुल्लंघ्यतेची हमी दिली होती. तिला एक वर्षही झाले नव्हते तेव्हा, ३० जुलै १९३७ च्या गुप्त आदेशाने प्रांतोप्रांती तिघांची मंडळे बसली: गुप्त पोलिसांचा स्थानिक प्रमुख, सरकारी अभियोक्ता आणि पक्षाचा सचिव. आरोपीला समोर न आणता, वकील न देता, याद्यांवरून शिक्षा ठरत, अपील नव्हते. सोव्हिएत दप्तरांनुसार १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या मंडळांत कोण बसत असे ते पुन्हा पाहावे. पोलीस, अभियोक्ता आणि पक्ष एकाच टेबलाशी बसले, कारण सिद्धांतानुसार त्यांची सत्ता एकच होती. घटनेतील हक्क मोडले गेले हे खरे, पण त्या हक्कांसाठी दाद मागायची तर वेगळ्या सत्तेचे एक दार लागते, आणि ते दार रचनेतच नव्हते. प्रत्येक साम्यवादी राज्यात असा संहार झाला नाही. क्यूबाने साक्षरता आणि आरोग्यसेवेत जे केले ते गरीब देशांना हेवा वाटावा असे आहे, आणि चीन व व्हिएतनाममध्ये कोट्यवधी लोक दारिद्र्यातून वर आले. पण चांगला निर्णय झाला तरी तो वरून आला आणि वाईट झाला तरी वरूनच आला. नागरिकाला तो फिरवण्याचा हक्क कोणत्याच वेळी नव्हता.

मी नेतृत्वाच्या कलमाला एवढे महत्त्व का देतो, याचे उत्तर १९८९ ते १९९१ या काळात मिळते. पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या तेव्हा आंदोलकांची पहिली ठोस घटनात्मक मागणी कारखान्यांच्या खाजगीकरणाची नव्हती. पक्षाच्या नेतृत्वाचे कलम काढा, अशी होती. चेकोस्लोव्हाकियाच्या संसदेने ते २९ नोव्हेंबर १९८९ रोजी काढले, पूर्व जर्मनीच्या संसदेने १ डिसेंबरला. त्या दिवशी कारखाने सरकारीच होते, पोलीस तेच होते, संसदेतील सदस्यही तेच होते. पण साम्यवादी राज्य या अर्थाने ती पद्धती तिथे संपली होती.

सोव्हिएत संघात ही गोष्ट अधिक लांबली आणि म्हणून अधिक स्पष्ट दिसते. मार्च १९८९ मध्ये तेव्हाचा सोव्हिएत नेता गोर्बाचेव्ह याने नव्या प्रतिनिधीसभेसाठी निवडणुका घेतल्या. लेनिनग्राद प्रांताचा पक्षसचिव आणि पॉलिटब्यूरो या पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचा पर्यायी सदस्य युरी सोलोव्ह्योव एकटाच उमेदवार होता, तरी निम्म्याहून अधिक मतदारांनी त्याचे नाव खोडले आणि तो पडला. नाव खोडण्याची सोय इतकी दशके मतपत्रिकेवर होतीच. आता ती वापरण्याची भीती गेली होती. मार्च १९९० मध्ये सहावे कलम बदलून पक्षाचा एकाधिकार रद्द झाला आणि लगेच गोर्बाचेव्ह राष्ट्राध्यक्ष झाला, कारण पक्षाच्या पदावरून देश चालवता येणार नाही हे त्याला दिसत होते. दरम्यान प्रजासत्ताकांच्या सर्वोच्च सोव्हिएतांसाठी चुरशीच्या निवडणुका झाल्या होत्या. लिथुआनियाच्या सोव्हिएतने ११ मार्च १९९० रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. रशियाच्या सोव्हिएतने मे महिन्यात गोर्बाचेव्हच्या इच्छेविरुद्ध बोरिस येल्त्सिनला अध्यक्ष निवडले आणि १२ जूनला रशियाचे सार्वभौमत्व घोषित केले. ज्या सभा अर्धशतकाहून अधिक काळ एकमताने हात वर करत आल्या होत्या, त्यांना घटनेने राज्यसत्तेची सर्वोच्च संस्था म्हटलेलेच होते. त्यांनी आता ते शब्द खरे मानून काम सुरू केले. संघराज्याच्या घटनेत प्रजासत्ताकांना फुटून निघण्याचा हक्कही १९२४ पासून लिहिलेला होता. पंधरा प्रजासत्ताकांना एकत्र बांधून ठेवणारी यंत्रणा घटनेत नव्हती, ती नेमणुका करणाऱ्या पक्षात होती. नोव्हेंबर १९९१ मध्ये येल्त्सिनने रशियात त्या पक्षावर बंदी घातली, आणि डिसेंबर संपण्यापूर्वी सोव्हिएत संघ विसर्जित झाला.